रिठीतल्या घागरीची शिरगणती

मित्रांनो, मी मातीची घागर आहे. जुनी म्हणा, चालेल. फुटकी म्हणायचं असेल तर आधी जवळ या, बोटाच्या पेराने वाजवून बघा आणि मग तोंड उघडा. माझ्या वयाच्या घागरींच्या खापऱ्या झाल्या, त्या खापऱ्यांवर पोरी टिक्कर खेळून म्हाताऱ्या झाल्या, आणि मी अजून पाणी धरून बसले आहे. शाळेचं मला काही सांगू नका. शाळेचं तोंड न बघता मला हा वर्धा जिल्हा तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही त्याचा नकाशा रंगवता, मी त्याच्या मातीची आहे.

माझा जन्म पवनारचा. धाम नदीच्या काठची चिकण माती, तिच्यात राख आणि लीद. कुंभाराने मला चाकावर उभं केलं, पण घडवलं त्याच्या बायकोने, रुख्माबाईने. एक हात माझ्या आत, दुसऱ्या हातात थापटणं, आणि तोंडाने शिव्या. नवऱ्याला, चुलीला, ढगांना. मार खाऊन खाऊन माझं पोट गोल झालं. माती ओली असताना मी त्या शिव्या ऐकल्या, म्हणून माझी जीभ अशी. आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, आम्ही चाळीस जणी होतो. अकरा तडकल्या. मी काळी, घट्ट, खणखणीत निघाले. रुख्माबाईने मला वाजवलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा गप्प बसली. ती माझी पहिली शाबासकी.

मग बैलगाडीत, गवताच्या बैठकीवर. पवनारहून वर्धा, वर्ध्याहून देवळी, देवळीहून नाचणगाव. तिथवर सगळी काळी, सपाट जमीन. कपाशी आणि ज्वारी, कोसाकोसाला गाव, गावागावाला मारुती. नाचणगावाहून गाडी उत्तरेला वळली आणि वर्धा नदी डाव्या हाताला ठेवून आर्वीला गेली. आर्वीच्या पुढे जमीन चढू लागते. काळी माती मुरमाड होते, कपाशी सरते, साग सुरू होतो, आणि माणूस विरळ होत जातो.

आर्वीच्या बाजारात मला पंचफुलाने घेतलं. गोंडाची बाई, तिशीची, हातभर गोंदण. डिंकाच्या बदल्यात घागर घ्यायला आली होती. अर्धा दिवस तिने एकेकीला वाजवण्यात घालवला.

कुंभार वैतागून म्हणाला, "बाई, पाणी भराले घेऊन राह्यली का सून पाहून राह्यली?"

"नवरा मायबापानं पाह्यला," ती म्हणाली, "घागर तरी मले पाहू दे."

मला ती बाई तिथेच आवडली. तिच्या डोक्यावर बसून मी चौदा मैल गेले आणि धामणखेडीला पोचले. धामणखेडी म्हणजे रीठ.

रीठ म्हणजे काय, ते शहरातल्या पोरांना सांगायला हवं. एके काळी गाव होतं. मग पटकी आली, नाहीतर पाणी आटलं. माणसं मेली, उरली ती उठून गेली. गाव गेलं, पण नाव जात नाही. पटवाऱ्याच्या दप्तरात त्याची हद्द राहते, जमीन किती, नाला कुठे, विहीर कोणत्या कोपऱ्यात, सगळं लिहिलेलं राहतं. माणसांच्या खान्यात तेवढं काही नसतं. आमच्या जिल्ह्यात अशा रिठी शेकड्याने आहेत. भरल्या गावातून भरल्या गावाला जाताना तुम्ही त्यांच्यावरून चालत जाता आणि तुम्हाला कळतही नाही, फक्त बोलणं आपोआप हळू होतं.

धामणखेडी पटकीने मेली, तिथल्या कोणाच्याही आठवणीच्या आधी. जुन्या घरांची पांढरी माती ढिगाऱ्यांनी पडली होती. जोराचा पाऊस झाला की तिच्यातून बांगड्यांचे तुकडे वर यायचे. भर दुपारी वारा पडला, पाखरू गप्प झालं, की कोरड्या विहिरीकडून रहाट फिरल्यासारखा आवाज यायचा. रहाट तिथे नव्हताच. पुढे पंचफुलाची सून सखू नवी नवी आली, तेव्हा एकदा घाबरून आत पळत आली होती. "मामी, तिकडं ढिगाऱ्यात कोणीतरी दळून राह्यलं!"

"दळू दे," पंचफुला म्हणाली. "तुले पीठ मांगाले आलं का?"

या रिठीत पंचफुलाच्या सासऱ्याने दोन घरं पुन्हा उभी केली होती. एक तिचं, एक तिचा दीर मंगरू याचं. चार मैलांत तिसरं घर नाही.

आता माझ्या कामाचं सांगते. मला वाटलं होतं पाणी भरतील, पाहुण्याला गार पाणी देतील, तो वाहवा करेल. तसं झालं नाही. त्या घरची रीत वेगळी होती. माणूस मेला, मातीत ठेवला, की सुटलो, असं तिथे नव्हतं. काही दिवसांनी नाल्यावर जायचं, पाण्यावर वाकून त्याचं नाव घ्यायचं आणि ओंजळ बुडवायची. ओंजळीत काही जिवंत आलं, मग ती बारकी मासोळी असो की झिंगा, म्हणजे माणूस घरी यायला तयार झाला. मासोळी परत सोडायची. ओंजळीतलं पाणी घरी आणून घागरीत ओतायचं. ती घागर मी.

म्हणून मला आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात घडवंचीवर बसवलं. रोज थोडं ताजं पाणी घालायचे, पण माझा तळ कधी कोरडा होऊ दिला नाही. आणि एक नेम होता. असं बसवलेलं पाणी दुसरं पाणी ओलांडत नाही. नाल्यापलीकडे नेलं की ते नुसतं पाणी उरतं. माणूस अलीकडे थांबतो.

पहिली आली सासू, तानाबाई. मग पंचफुलाचा मुलगा बिसन, मग मुलगी सोनी. मग एक सात दिवसांचं बाळ, ज्याचं नावच ठेवलं नव्हतं. त्याला पंचफुलाने पाण्यावर वाकून नुसती हाक मारली, जशी कोणतीही आई मारते, आणि ते आलं. शेवटी नवरा, पुनाजी. दर वेळी पाणी ओंजळभरच यायचं, पण वजन ओंजळीचं नसायचं. पुनाजी आला तेव्हा घडवंचीचा पाय करकरला. मी पवनारची घागर आहे, घाबरत नाही. पण खरं सांगते, त्या रात्रीपासून मी आवाज न करता बसायला शिकले.

रोज संध्याकाळी पंचफुला माझ्यापुढे पाच पानं मांडायची. पानावर मूठभर कण्या, चिमूटभर मीठ. सकाळी पानं रिकामी. घुशी खात असतील म्हणा. मी त्या घरात घूस पाहिली नाही.

पाहुणा आला की ती माझ्याकडे बोट करायची. "घर म्हणजे हे हाये. बाकी नुसता कूड हाये." एवढी इज्जत कोणत्या घागरीला मिळाली असेल?

अशी पंचवीस वर्षं गेली. मग पन्नास सालच्या दिवाळीत अण्णाजी आला. पलीकडच्या रानाचा ठेका घेतलेल्या माणसाचा हा दिवाणजी. घोड्यावरून न उतरताच बोलला.

"बुढे, ही रीठ आहे. कागदावर इथं एक माणूस नाही. होळीनंतर हे रान बंद होणार. झोपड्या काढा आणि नाल्यापलीकडे कुठंही जा."

"मी तुले माणूस दिसून नाई राह्यली का?" पंचफुलाने विचारलं.

"मला दिसून काय उपयोग? कागदाला दिसली पाहिजेस. कागदावर वस्ती असती तर आमच्या मालकाने हात लावला नसता."

तो गेला आणि पंचफुला आत येऊन माझ्यासमोर बसली. नाल्यापलीकडे. म्हणजे ही पाच इथेच राहणार. तिने माझ्या काठावर हात ठेवला. तो हात मला आजवर इतका थंड कधी लागला नव्हता.

पण रडत बसायची तिची जात नव्हती. बाजारात तिने ऐकलं, की सरकार माणसं मोजणार आहे, घरोघरी, अख्ख्या देशात. माघात ती सहा मैल चालत मोठ्या गावच्या शाळेत गेली आणि प्रेमदास मास्तरापुढे उभी राहिली. मोजणीचं काम त्याच्याकडे होतं. मास्तर म्हणाला, माझ्या यादीत धामणखेडी नाही, रिठीत कोणाला मोजणार? ती म्हणाली, "तू येजो त खरं. मोजाले माणसं देणं मायं काम."

मास्तर आला. कोवळा, लाजाळू माणूस, बगलेत कागद, हातात गेरूचा डबा. आधी दारावर आकडा घातला. मग ओट्यावर बसून टाक काढला. मी आतून सगळं ऐकत होते.

"घरात किती जण, माय?"

"नऊ."

मित्रांनो, चूक इथे झाली. पण ती खोटं बोलली असं कोणी म्हणेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. त्या घरात पंचफुला, तिचा मुलगा जंगलू, सून सखू आणि तिचं तान्हं, हे चार. आणि माझ्यातले पाच. तिला विचारलं घरात किती, तिने घरात होते तितके सांगितले.

"रोज इथंच जेवतात? इथंच राहतात?"

"मंग कुठं जाईन? इथंच असते."

"नावं सांगा. पुनाजी, हे तुमचे मालक ना? वय?"

"पंचेचाळीस."

"आणि तुमचं?"

"साठीले आली मी. पयले तो मोठा होता, आता मी मोठी हाओ."

मास्तर हसला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते.

"ते काय काम करतात?"

"राखण करते."

"घरातली बोली?"

"गोंडी. बाजारात मराठी."

"सगळ्यांची?"

"त्याईचं बोलणं आता बंद हाये. पण आयकते गोंडीतच."

मास्तरने मान हलवली आणि लिहिलं. त्याच्या कागदावर पुढचा सवाल होता, तो त्याने वाचला. "फाळणीत पाकिस्तानातून उठून आलात का?"

"तो बाजार कोण्या वारी भरते?"

"बरं, पुढचं. हे शेवटचं, बाळ. नाव?"

"ठेवलंच नाई."

"वय?"

"सात दिवस."

मास्तरने सखूच्या मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. "हेच ना?"

"हे नाई. हे वायलं."

"म्हणजे जुळी!" मास्तरने जुळी धरली.

"एकदा सगळ्यांना बाहेर बोलवता का? नुसतं पाहतो."

"उन्हात येत नाईत ते."

"ताप आहे?"

"तापानंच त झालं," पंचफुला म्हणाली.

त्या भागात हिवताप घरोघरी. मास्तरला ते पटलं. तरी सभ्य माणूस, जाताना दारातून आत वाकला आणि अंधाराला म्हणाला, "राम राम, पुनाजीभाऊ."

आणि आतून "हुं" झालं.

आता मी घागर आहे. दारातून वारं शिरलं की माझ्या पोटात हुंकार घुमतो, हे खरं आहे. मात्र त्या दिवशी वारं नव्हतं. जास्त मी काही सांगत नाही.

मंगरूच्या घरात सहा जण निघाले. मास्तरने धामणखेडीत पंधरा माणसं लिहिली आणि खूश होऊन गेला. पंचफुला त्याहून खूश. तिला वाटलं, आता कागदाला दिसलो.

मार्च लागला आणि तपासणीवाला आला. दौलतराव त्यांचं नाव. राहायला वर्ध्याला लागून नालवाडीत. लिहिलेली माणसं खरोखर आहेत का, हे फिरून पाहायचं त्यांचं काम. रिठीत एकदम पंधरा माणसं कशी उगवली, असा त्यांना संशय आला. मास्तरलाच गाडीत घालून आणलं. सुकलेला, कमी बोलणारा माणूस. डोळ्यांखाली काळं.

दुपारची वेळ. वारा पडलेला. त्यांनी सगळ्यांना उन्हात ओळीने उभं केलं आणि बोटाने मोजलं. दहा. परत मोजलं. दहा.

"मास्तर, बाकीचे पाच?"

"आत आहेत, साहेब. आजारी."

दौलतराव वाकून आत आले. उन्हातून आल्यावर अंधारात काही दिसत नाही. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांना मी दिसले. माझ्यापुढे पाच पानं मांडलेली. त्या दिवशी पंचफुलाने धास्तीने दुपारीच मांडली होती.

"ही पाच पानं कोणाची?"

"त्याईचीच," मागून पंचफुला म्हणाली. "इथं हायेत. पाण्यात." आणि तिने रीत सांगितली, सरळ, जशी तुम्हाला मी सांगितली.

दौलतरावांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरचा चेहरा राखेसारखा झाला होता. "साहेब... मी राम राम केला, तेव्हा आतून उत्तर आलं होतं."

"कोणाचं?"

मास्तरने माझ्याकडे पाहिलं.

"मेलेली माणसं लिहिलीत तुम्ही!" दौलतराव ओरडले. माझ्यातलं पाणी हललं. "ह्या पानाचा भरवसा काय आता? सगळं पान रद्द. ही रीठ आहे आणि रीठच लिहिणार. ओसाड."

ओसाड. दारात जंगलूने डोकं धरलं. सखू रडायला लागली. मला वाटलं पंचफुला पाया पडेल. ती पाया पडणारी नव्हती, हे मी विसरले होते.

"सायेब, एक विचारू का?" ती म्हणाली. "हे गाव कधी मेलं?"

"मला काय ठाऊक? असेल शंभर वर्षं."

"मेल्याले शंभर वर्सं झाली, आन् त्याचं नाव तुमच्या कागदावर हाये. त्याची हद्द हाये, नाला हाये. दरसाल लिवता. अशी मेली गावं किती हायेत तुमच्या कागदात?"

दौलतराव हातातल्या कागदाकडे बघू लागले.

"मेली गावं मोजता, मंग मेली माणसं काऊन नाई? आन् नसन मोजाची त नका मोजू. पण मी त जित्ती हाओ ना? त्याईच्या पायी मले काऊन मारता?"

"नियम आहे, बाई. घरात जिवंत किती, तेवढंच विचारायचं आणि तेवढंच सांगायचं. साधी गोष्ट आहे. कोणीही सांगेल."

"तुमच्या घरी किती?"

"सहा," दौलतराव म्हणाले. पटकन, विचार न करता, जसं माणूस आपल्या घराचं सांगतो.

मग मास्तर, त्यांच्या घरचं ऐकून असलेला, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "पाच ना, साहेब? श्रावणापासून..."

दौलतराव हळूहळू खाली बसले, माझ्यासमोर, पाच पानांच्या अलीकडे. त्यांच्या घरचा कागद कोणी भरला असेल, तेव्हा त्यांनी काय सांगितलं असेल, देव जाणे. त्यांनी माझ्या काठाला धरलं आणि आत पाहिलं. पाण्यात त्यांचंच तोंड, दुसरं काय असणार. पण ते फार वेळ पाहत राहिले. आणि मग त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. हाक नव्हती ती. श्वासाबरोबर सुटलं.

"शालू."

"पाण्यावर नाव नका घेऊ!" पंचफुला ओरडली.

उशीर झाला होता. मित्रांनो, कोणी पाणी ओतलं नाही, कोणाचा हात लागला नाही, आणि माझ्यातलं पाणी बोटभर वर आलं. सात-आठ वर्षांची पोर मांडीवर येऊन बसावी तेवढं वजन. नवीन होती, बिचकलेली होती. तळाशी बाकीचे सरकले आणि तिला जागा दिली. मला ते सरकणं कळलं. दौलतरावांनी पाणी चढताना पाहिलं. पंचफुलानेही पाहिलं.

बऱ्याच वेळाने ते बाहेर गेले. ओट्यावर बसून त्यांनी तांबडी पेन्सिल काढली आणि पाच नावं कापली. एकेक, सावकाश, आडवी रेघ. माझ्यातली माणसं त्याने कमी झाली नाहीत, हे मी शपथेवर सांगते. मग त्यांनी काहीतरी लिहिलं.

पंचफुला समोर उभी होती. "काय लिवलं?"

"वस्ती आहे. माणसं दहा."

"आन् ते पाच?"

"ते माझ्या कागदात बसत नाहीत, बाई."

"नका बसवू," ती म्हणाली. "ते माया घरात बसते."

गाडीत चढताना दौलतराव थांबले. मास्तर पुढे बसला होता, त्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू त्यांनी विचारलं, "ती... भीत असेल का?"

"तानाबाई हाये तिच्यापाशी," पंचफुला म्हणाली. "मायी सासू जित्तेपणी खट्याळ होती, पण लेकराईले चांगली."

त्या संध्याकाळी माझ्यापुढे सहा पानं मांडली गेली. सहाव्यावर कण्यांशेजारी गुळाचा खडा होता.

होळीनंतर अण्णाजी आला. या वेळी घोड्यावरून उतरला. पटवाऱ्याकडे जाऊन कागद पाहून आला होता. दारावरच्या गेरूच्या आकड्याकडे बघत म्हणाला, "कमाल आहे, बुढे." आणि निघून गेला. धामणखेडी राहिली.

दौलतराव पुन्हा आले, दिवाळीच्या आसपास, एकटे, कागद न घेता. "पडताळणी राहिली होती," म्हणाले. खिशातून बत्तासे काढून पानावर ठेवले आणि माझ्याजवळ बसले. पोरीला काय सांगायचं ते मनात सांगत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढे दरवर्षी यायचे. सरकार दहा वर्षांनी एकदा माणसं मोजतं, पण या माणसाची पडताळणी दरसालची. पंचफुला त्यांना ओट्यावर जेवायला वाढायची आणि टोमणे मारायची. "सायेब, दहाचे अकरा झाले, सखूले दुसरं झालं. लिवता का?" तेव्हा ते हसायचे. त्यांच्या तोंडावर हसू कसं दिसतं ते त्यांच्या घरचेही विसरले असतील.

मग सत्तावन्न साली त्यांची बदली झाली, दूर, दुसऱ्या जिल्ह्यात. त्या खेपेला त्यांनी पितळेचा लोटा आणला होता. पंचफुलाला म्हणाले, "बाई, मी हिला घेऊन जातो."

"नेम ठाऊक हाये तुमाले."

"ठाऊक आहे. तरी."

तिने अडवलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं. आयुष्यभर जिने कोणाला अडवल्याशिवाय सोडलं नाही, ती बाजूला सरकली. त्यांनी लोटा माझ्यात बुडवला. पोर त्यात गेली, मी हलकी झाले. छातीशी लोटा धरून ते नाल्याच्या दिशेने चालत गेले.

मी वाट बघत नव्हते. घागरी वाट बघत नसतात. फक्त त्या दुपारी मला प्रत्येक पाऊल ऐकू येत होतं, जाणारं, मग काठावर थांबलेलं, फार वेळ थांबलेलं. मग परत येणारं. दौलतराव आत आले, गुडघे टेकले आणि लोटा माझ्यात रिता केला. एक थेंब सांडू दिला नाही. पंचफुलाकडे न बघता म्हणाले, "इथंच बरी आहे. सोबत आहे." आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत.

दीड वर्षाने पंचफुला गेली. जंगलूने नाल्यावर वाकून तिचं नाव घेतलं आणि ओंजळ आणून माझ्यात ओतली. घडवंची पुन्हा करकरली. येताच तिने आतल्यांना काहीतरी सुनावलं असणार, कारण पाणी तीन दिवस हलत होतं.

आता दिवस बदलले. सखूने बाजारातून पत्र्याची बालदी आणली. पानं कधी मांडते, कधी विसरते. परवा ती जंगलूला म्हणाली, "एवढी मोठी घागर नुसतीच बसून राह्यली. उपडी करून वाळवतो, बी-बियाणं ठेवाले होईन." जंगलूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी राग धरत नाही. बालदीच्या काळातली बाई आहे, तिला कामाची घागर हवी. पण उपडी करणार म्हणजे नेमकं काय करणार, याची तिला कोणीतरी आठवण द्यायला हवी.

म्हणून तुम्हाला सांगते आहे, मित्रांनो. तुमच्याही घरात कुठे अंधाऱ्या कोपऱ्यात जुनी घागर असेल, रांजण असेल. पाणी शिळं म्हणून नाक मुरडू नका, लाथेने सरकवू नका, आत काय आहे ते न बघता उलटी करू नका. धूळ पुसा. तळ कोरडा पडू देऊ नका. एवढंसं पाणी घालायला तुमचं काय जातं? आणि कधी फिरत फिरत धामणखेडीकडे आलात, तर खुशाल आत या, माझ्यावर वाकून बघा. मनात कोणाचं नाव असेल तर ते मनातच ठेवा. माझ्यात आता फार जागा उरलेली नाही.